वर न गेलेला हात

आई,

गेल्या उन्हाळ्यापासून दर रविवारी दुपारी मी एका मेलेल्या राजाच्या दरबारात बसत होते. घाबरू नकोस, त्यासाठी कुठे जावं लागत नाही. सांगलीतल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल आवरलं की तोच दरबार. हा एक खेळ आहे. त्यात पट नसतो, सोंगट्या नसतात, पत्ते नसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली माणसं होतात. सांगणारा मध्येच थांबून विचारतो, "आता तुम्ही काय करता?" मग आपण सांगायचं. ते जमेल की नाही अशी शंका असली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जो आकडा पडेल त्याप्रमाणे गोष्ट पुढे जाते. एकच गोष्ट महिनोन्महिने चालते. तुझ्या नातीनं मला यात ओढलं. त्यांच्यातली एक मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, जागा रिकामी झाली, आणि "आई, तू नुसती बस, हो-नाही म्हण, तेवढं पुरे" असं म्हणत तिनं मला खुर्चीवर बसवलं. मी पन्नाशीला आलेली बाई, आठवडाभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी. एक-दोन रविवारांत कंटाळा येईल असं वाटलं होतं. आला नाही.

खेळ चालवते ती गुरांची डॉक्टर आहे, तिशीच्या आतली. सकाळभर म्हशींच्या मागं फिरून येते, आमच्या बेसिनवर कोपरापर्यंत हात धुते आणि चहा घ्यायच्या आत दरबार उघडते. खेळणाऱ्यांत मी, तुझी नात आणि एक द्राक्षबागायतदार. ते जैन आहेत, माझ्याच वयाचे. त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, म्हणून आमची भुतं सगळी उजेडीच येतात आणि उजेडीच जातात. टेबलावर मुंगी दिसली तर हा माणूस तिला कागदावर घेऊन बाल्कनीतल्या कुंडीत सोडतो. खेळात मात्र तो सेनापती, आणि असा आतल्या गाठीचा, की समोरच्याला गोड बोलून कधी विहिरीत ढकलेल सांगता येत नाही.

गोष्ट अशी होती. नदीकाठी एक संस्थान आहे. राजा मेला आहे, तरी दर अमावास्येला दरबार भरतो आणि राजा येऊन गादीवर बसतो. अंगाची कातडी मेणासारखी, छाती हलत नाही. सगळ्यांना दिसतं, पण कुणी बोलत नाही, कारण राजा मेला आहे असं जो मोठ्यानं म्हणेल त्याला सगळे विसरतात. तो माणूस मरत नाही, फक्त कुणाला आठवत नाही. आणि अशा दरबारातही राजकारण चालूच. कारभार राजाच्या भावाकडे द्यायचा की थोरल्या राणीकडे, ते सरदारांच्या मंडळानं ठरवायचं, हात वर करून. जिकडे जास्त हात जातील तिकडे राजाचाही हात वर जातो, सावकाश, कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखा.

तुझी नात आधी राजवैद्य होती. एका रविवारी तिला राहवलं नाही. भर दरबारात ती म्हणाली, "नाडी कुठाय यांची? हे तर मेलेत!" डॉक्टरनं शांतपणे तिच्या पात्राचा कागद पालथा ठेवला आणि मला विचारलं, "तुम्हाला राजवैद्य आठवतात का हो?" पोटची पोर शेजारी बसून माझ्याकडे बघत होती, आणि खेळाच्या नियमाप्रमाणे मला म्हणावं लागलं, "कोण राजवैद्य?" भर दुपार, डोक्यावर पंखा फिरतोय, खाली भंगारवाला ओरडतोय, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मला डॉक्टरनं एक सरदारीण दिली होती. नवरा लढाईत पडला म्हणून त्याची मंडळातली जागा हिला मिळालेली. सांगितलं तिकडे ती हात वर करणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मीसुद्धा. कितीतरी रविवार सेनापती माझ्याशी खलबतं करत होता, आणि हात राजाच्या भावासाठी जाणार हे पक्कं झालं होतं. मग मताचा दिवस आला. "भावासाठी हात वर," डॉक्टर म्हणाली. सेनापतीचा गेला. तुझ्या नातीच्या नव्या पात्राचा गेला. बाकीच्या सरदारांचे हात डॉक्टर स्वतःच मोजत होती. "सरदारीणबाई?" माझा हात मांडीवर होता. मी खाली त्याच्याकडे बघितलं, आई. तो वर करायला कसलीच अडचण नव्हती. मी केला नाही.

"अहो ताई!" द्राक्षवाले खुर्चीतून उठलेच. "ठरलं होतं की आपलं."

"हो."

"मग का नाही केला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून तुझा आवाज निघाला. "नाही केला. झालं."

मी बारावीत होते तेव्हा. आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. नगरपालिकेला उभं राहायचं म्हणून अण्णांनी वर्षभर घरोघर फिरून चपला झिजवल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या जागी तुझा अर्ज भरला गेला. अपक्ष म्हणून तू निवडून आलीस, आणि अण्णा बोट ठेवतील तिथं सही करायला लागलीस. अडीच वर्षांनी नगराध्यक्ष निवडायची वेळ आली. अण्णांचे मित्र उभे होते, एका मताची ओढाताण होती, म्हणून त्यांच्या बाजूच्या नगरसेवकांना देवदर्शन म्हणून कोकणात नेऊन ठेवलं. कुणी फोडू नये एवढ्यासाठी. तुम्ही परत आलात ते थेट सभागृहातच. आपल्या दारात गुलालाची दोन पोती आणून ठेवलेली होती. आणि मग कुणीतरी सायकलवरून ओरडत आला की पडले, एका हातानं पडले, आणि तो हात वहिनींचा.

तू घरी आलीस, पाय धुतलेस, आणि भाताला आधण ठेवलंस. अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे. ते ओरडले असते तर मला कमी भीती वाटली असती. "का नाही केलास?" त्यांनी हळू विचारलं. "नाही केला. झालं." "अगं, कारण असंल ना काहीतरी?" तू तांदूळ धूत होतीस. म्हणालीस, "पाटावर बसा, भात होतोय." त्यानंतर कितीतरी दिवस ते तुझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा आमटीत मीठ कमी आहे म्हणाले, तू मीठ वाढलंस, आणि तेही संपलं. गावानं मात्र कारणं शोधली. पैसे खाल्ले म्हणाले. तुला तिकडं कुणी काहीतरी खायला घातलं असणार म्हणाले. आत्यानं तर तुला समोर बसवून लिंबू उतरवून टाकलं, आणि तू मुकाट बसून राहिलीस. बाईनं स्वतःच्या मनानं काही केलं असेल, यापेक्षा तिला झपाटलंय हे लोकांना सोपं वाटत होतं. जो निवडून आला तोही फार वेगळा निघाला नाही. पुन्हा तुला कुणी उभं केलं नाही. आणि मी कधी विचारलं नाही, कारण तू सांगणार नाहीस हे मला माहीत होतं. मग तू गेलीस. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पण त्या रविवारनंतर मला चैन पडेना. तुमच्यातल्या एक काकू, त्याच गाडीतून कोकणात गेलेल्या, हल्ली माधवनगरला मुलाकडे राहतात हे मला एका लग्नात कळलं होतं. शनिवारी दुपारी मी रिक्षा करून गेले. त्या पडवीत बेदाण्याचे देठ काढत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला. "व्हय गं, तीच हनुवटी," म्हणाल्या. मी विचारलं, "काकू, आईनं हात का वर केला नाही?"

"मला काय म्हाईत! मलाच लय वाटायचं इचारावं." त्या हसल्या. "पर त्या लॉजवर काय मजा केली तिनं, बाय. सांगितलं न्हाई व्हय तिनं तुला?"

"नाही," मी म्हटलं.

"आमी पाच बाया, वरच्या एका खोलीत. खाली बाप्ये पत्ते खेळत बसलेले. समुद्राचा आवाज यायचा, पर बगायला सोडंनात. दुसऱ्या दिवशी तुजी आय म्हनाली, समजा, ह्या लॉजचा मालक कवाच मेलाय, आन तरी त्योच आपल्याला चहा आनून देतो. आन गं, तेवढ्यात दार वाजलं, त्यो चहा घिऊन हुबा! आमी पाचीजनी पदर तोंडात कोंबला."

"मग?"

"मग काय, चाललंच की दोन दिवस. लॉजात भुतांची पंचायत हाय. त्यास्नी नवा सरपंच निवडायचाय, आन जित्या मानसाचं एक मत कमी पडतंय. मग ती एकेकीला इचारायची, तू आता काय करशील? आमी सगळ्या पयल्यांदा म्हनलो, ह्यांना इचारीन. तर म्हनती कशी, हे न्हाईत हितं. भुतं दारात हुबी हायेत. तूच सांग."

काकूंच्या हातातला बेदाणा तसाच राहिला होता. मी विचारलं, "आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हनलं, मी खिडकीतनं उडी मारीन आन समुद्र बगून यीन." त्या पुन्हा हसल्या, आणि हातातल्या बेदाण्याचा देठ काढला. "येताना गाडीत मी हळूच म्हनलं, आवं, उद्या तुमी काय करनार? तर म्हनाली, अजून माजी पाळी आली न्हाई. सभेत मलाबी करायचा नवता बग हात वर. पर माज्या मनाआदी हातच वर गेला."

परतताना मी रिक्षा लवकर सोडली आणि बरंच अंतर चालत आले. मला लहानपणीची जेवणं आठवत होती. भाकरी थापताना मी तुझ्या पाठीला लोंबकळायची, गोष्ट सांग म्हणून, आणि तू म्हणायचीस, "मला कुठं येत्यात गोष्टी? जा, अण्णांना सांग." अण्णांच्या गोष्टी सगळ्या पाठ झाल्या होत्या. मला ते खरं वाटलं होतं. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की आमच्या आईला बोलायची आवड नव्हती. आणि तू एका बंद खोलीत, खाली पहारा असताना, बसल्या जागी भुतांची पंचायत उभी केलीस. कुठून आणलीस गं? आधीपासून होती का तुझ्याकडे? तांदूळ धुताना, सभेत शेवटच्या खुर्चीवर बसून असताना, मनातल्या मनात असलं काही चालू असायचं का? तुझा हात का वर गेला नाही, हा प्रश्न घेऊन मी गेले होते. येताना हा दुसराच प्रश्न माझ्याबरोबर आला.

तुझ्या नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी? आपली आजी?" तिला तू आजारीच आठवतेस, खाटेवर, कूस बदलून मागणारी. तिनं मला ते सगळं पुन्हा सांगायला लावलं, काकूंच्या आवाजात. डॉक्टरला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या खेळच चालवत होत्या की हो. आम्ही कॉलेजात इंटरनेटवर बघून बघून शिकलो."

मेलेल्या राजाचं काय झालं तेही सांगते. माझा हात वर न गेल्यामुळं मतं समसमान पडली, आणि राजाचा हात अर्ध्यावरच थांबला. डॉक्टरनंही हे ठरवलेलं नव्हतं. तिनं फासा टाकला, आकड्याकडे बघून ओठ चावला आणि म्हणाली, "राजा मान वळवून सरदारीणबाईंकडे बघतो." पुढचे सगळे रविवार तो माझ्याच मागावर होता. मी देवळात लपले, नदीच्या पात्रात लपले. शेवटी एका दरबारात मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "महाराज, तुम्हाला काय हवंय?" हे त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्याला घरी जायचं होतं. आम्ही तिघांनी मिळून त्याला नदीपर्यंत पोचवला. सेनापती रडले, खरेखुरे. चष्मा पुसत म्हणाले, "द्राक्षाच्या छाटणीचे दिवस आहेत, झोप कमी होते."

आता नवी गोष्ट मी चालवते. मीच म्हटलं चालवीन. कोकणातलं लॉज, वरची खोली, अडकून पडलेल्या बाया. द्राक्षवाले त्यांतली एक बाई झालेत, अगदी मनापासून. मी विचारलं, "भुतं दारात उभी आहेत. तुम्ही काय करता?" तर ते पटकन म्हणाले, "मी घरी फोन लावते." म्हटलं, "फोन खाली आहे, आणि खाली सोडत नाहीत." ते इतका वेळ विचार करत बसले की तुझ्या नातीनं त्यांच्यासाठी जेवण गरम करायला घेतलं. ऊन उतरायला लागलं होतं. मग ते म्हणाले, "दार उघडते." डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या.

मला हे चांगलं जमतंय, सगळे म्हणतात. मीही कधी आवाज खाली आणते, कधी मध्येच थांबते. कुठं शिकलीस असं कुणी विचारलं की आईकडून असं सांगून टाकते. ते खरं नाही, हे मला ठाऊक आहे. तू ते मला शिकवलं नाहीस. तू ते त्या खोलीतल्या चौघींना दिलंस, आणि खरं सांगू? मला त्यांचा हेवा वाटतो.