पेर गायला तो रविवार

२८ नोव्हेंबर १९६३, गुरुवार. देरा, आखाती किनारा
दुपारी एका टँकरवरून पेशंट उतरवला. चीफ इंजिनिअर, नॉर्वेचा. नाव आर्ने. चाळिशी उलटलेली, धिप्पाड, स्ट्रेचरच्या बाहेर पाय. उजवी बाजू पूर्ण गेली आहे. इंजिनरूममध्येच कोसळला म्हणे. पुरुषांच्या वॉर्डात चार नंबर दिला. वाचाही गेली. इंग्रजी चांगलं बोलायचा असं कप्तान सांगून गेला, आता त्यातला एक शब्द उरलेला नाही. डॉक्टर साहेब म्हणाले, मेंदूत रक्तस्राव, हलवायचा नाही. अंधार पडायच्या आत बोट गेलीसुद्धा. माणूस ठेवून निघून जायचं! मला राग आला. पण टँकर कोणासाठी थांबत नाही, हेही खरं.

दोन्ही बाजूंना आपलेच खलाशी आहेत, तीन नंबरला दाभोळचा, पाच नंबरला श्रीवर्धनचा. मध्ये हा पांढरा डोंगर.

३० नोव्हें., शनि.
सूप पुढे केलं तर चार नंबर स्पष्ट म्हणाला, "नाय." हुसेनचाचांच्या हातातला ट्रे पडायचा बाकी होता. इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून आठ वर्षं काढली, असला साहेब बघितला नाही. "बाय, हा तर आपलाच मानूस! 'नको' नाय बोलत, 'नाय' बोलतो. याची आई रत्नागिरीची असनार." सगळा वॉर्ड हसला. पेशंटही डाव्या ओठाने हसला असं वाटलं.

दुसरा शब्द 'या'. दाभोळचा म्हातारा दिवसभर "या सिस्टर, या बाय" करत असतो, त्याचं ऐकून हाही शिकला. "या" म्हटलं की आम्ही जातो, उशी नीट करतो, भांडं देतो. फार कौतुक चाललं आहे त्याचं.

१ डिसें., रवि.
डॉ. सां.नी कप्तानाचा निरोप सांगितला. या माणसाच्या गावी दगडी कॅथेड्रल आहे, त्यात मुलांचा गायनवृंद. याचा मुलगा पेर त्यात गातो. आज संध्याकाळी नॉर्वेच्या रेडिओवरून, बोटींवरच्या लोकांसाठी, त्यांचं गाणं आहे. पेर एकटा गाणार आहे. जमलं तर बापाला ऐकवा.

डॉ. सा. म्हणाले, "सिस्टर, विचारून बघ. हवं म्हणाला तर बंगल्यावरून माझा सेट मागव. कळत नसेल तर उगाच खरखर नको, डोक्याला शांतता पाहिजे." आणि डिनरला गेले.

मगरीबच्या नमाजानंतर विचारलं. रेडिओ? सन? साँग? कानाला हात लावून दाखवला. म्हणाला, "या." मी जवळ गेले. "या, या." आणखी जवळ. उशी उंच केली. "या!" डाव्या हाताने माझा एप्रन धरला, डोळ्यांतून पाणी. दुखतंय असं वाटलं. इंजेक्शन दिलं. झोपला.

डॉ. सां.ना चिठ्ठी पाठवली, पेशंटला कळत नाही.

३ डिसें., मंगळ.
चार नंबर दोन दिवस तोंड फिरवून आहे. "या" नाही, "नाय" नाही. हुसेनचाचा म्हणतात, रुसला. मी म्हटलं, चाचा, अर्धांगाचे पेशंट असेच असतात.

अब्र्यातून, खाडीच्या होडीतून, घरी येताना वारा फार. आमची बोट दोनदा धक्क्याला आपटली.

४ डिसें., बुध.
लिहवत नाही. पण लिहिते.

खाडीचा गाळ काढायच्या कामावर एक नॉर्वेवाला आहे, कनुत. इतके दिवस अबुधाबीकडच्या तेलाच्या बेटावर होता, आज परतला आणि बातमी कळून थेट वॉर्डात आला. निम्मा पगार सिगारेटींत घालवत असावा, असा वास. आर्नेच्या गावचाच निघाला. शेजारी स्टूल ओढून बसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

आर्ने म्हणाला, "या."

आणखी काही विचारलं. "या. या." मग काहीतरी विचारलं त्यावर "नाय."

मी हसत हसत सांगितलं, आमच्याकडे आल्यापासून मराठी शिकलाय तुमचा माणूस, सारखा बोलावतो आम्हाला. कनुत म्हणाला, "सिस्टर, या मीन्स येस."

येस.

डॉ. सां.ना सांगितलं तर भुवया वर. "बट ऑफ कोर्स. एव्हरीबडी नोज दॅट." एव्हरीबडी! मला नव्हतं माहीत. हुसेनचाचांना नव्हतं माहीत. आमच्या गावच्या, हरण्याच्या, मराठी शाळेत नॉर्वेची भाषा शिकवत नाहीत. साहेब, तुम्हाला माहीत होतं तर रविवारी तुम्हीच का नाही विचारलंत, हे ओठांवर आलं होतं. 

कनुतने तिकडे बेटावर ऐकलं गाणं. पेर गायला, एकटा. म्हणाला, पोराचा आवाज असा होता की आमचा स्वयंपाकी गोव्याचा, तो चुलीवरचं टाकून दारात येऊन उभा राहिला.

आणि मी इकडे इंजेक्शन देत होते.

५ डिसें., गुरु.
कनुत म्हणतो, खलास झालेलं नाही. नाताळपर्यंत दर रविवारी कार्यक्रम आहे. येत्या रविवारी पेर पुन्हा गाईल. इन्शाल्ला म्हणायलाही शिकलाय इथे राहून.

आज त्याने एक फोटो आणला. आर्नेच्या, बोटीवरून त्याच्याबरोबर उतरवलेल्या पेटीतला. पांढऱ्या कॉलरची पोरं, चर्चच्या पायरीवर ओळीने. हा पेरचा नाही, आर्नेचा स्वतःचा, लहानपणचा. तोही त्याच वृंदात होता. कनुतने बोट ठेवून दाखवलं, मधला आर्ने. डावीकडचा आज मोठा व्हायोलिनवाला आहे, लंडनला, बर्लिनला बोलावतात त्याला. उजवीकडचा त्याच कॅथेड्रलचा ऑर्गन वाजवतो आणि पोरांना तोच शिकवतो, म्हणजे पेरचा मास्तर. कनुत म्हणाला, तिघांत आवाज आर्नेचा चांगला होता. पण तेराव्या वर्षी फुटला. मुलाचा आवाज फुटला की संपलं, वृंदातून बाहेर. त्या दोघांच्या घरी वाद्य होतं. याच्या घरी होडी होती. समुद्रावर गेला.

आर्ने फोटोकडे बघत नव्हता, कनुतच्या तोंडाकडे बघत होता. सगळं कळत होतं त्याला. पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मग अंग पुसताना कनुत काहीतरी गुणगुणला आणि आर्ने गाऊ लागला. शब्दांसकट! ज्याला पाणी म्हणता येत नाही तो माणूस कडव्यामागून कडवं गात होता. आवाज जाड, चिरका, पण शब्द एकही चुकला नाही. गाणं थांबलं आणि वाचा पुन्हा गेली. डॉ. सा. म्हणतात असं होतं, गाणं मेंदूत दुसऱ्या बाजूला राहतं. दाभोळच्या म्हाताऱ्याने उशीवरून मान उचलली, "या अल्ला, आणि आपन म्हनतो मुका."

६ डिसें., शुक्र.
डॉ. सां.चा सेट बिघडला. म्हणजे आता आमचाच रेडिओ न्यायचा.

हे जुम्म्याच्या नमाजाहून आले तेव्हा विषय काढला. भडकले. "चर्चच्या गान्याला माझा रेडिओ? हलीमा, हफ्ताभर गोदामात पोती मोजतो, संध्याकाळी दोन गानी ऐकतो, ते पन नको?" मी भाकऱ्या थापत राहिले. न बोलण्याला हे जास्त घाबरतात. जेवून झाल्यावर म्हणाले, "त्याचा पोरगा केवढा?"

तेरा वर्षांचा, म्हटलं. आपल्या सलीमएवढा.

सलीम हरण्याला, माझ्या अम्मीकडे. तीन वर्षं झाली त्याला बघून. आवाज आठवायला गेले तर तीन वर्षांपूर्वीचाच आठवतो, तो आता राहिलेला नसणार. रडू आलं. हे उठून बाहेर गेले.

७ डिसें., शनि.
यांनी स्वतः रेडिओ डोक्यावर घेऊन खाडी ओलांडली. हुसेनचाचांना बरोबर घेऊन इस्पितळाच्या गच्चीवर तार बांधली, खाली चार नंबरच्या खिडकीत सोडली. कनुतने स्टेशन कुठे लागतं त्यावर पेन्सिलने खूण केली. शिट्टी, खरखर, मध्येच इराणची बाई, आणि मग त्यांची भाषा. आर्नेने डावा हात वर केला. मी विचारलं, ऐकू येतं? "या."

यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. म्हणाले, "उद्या, साहेब. कल. टुमारो." बाहेर आल्यावर मला म्हणतात, "मानूस चांगला आहे." रेडिओ वॉर्डातच ठेवून आले.

८ डिसें., रवि.
आज दाढी केली त्याची. स्वच्छ चादर. सूप पूर्ण घेतलं, आल्यापासून पहिल्यांदा. वॉर्डात सगळ्यांना माहीत, चार नंबरचा पोरगा रेडिओवर गाणार. ज्याला बसता येत होतं तो बसला. हे कामावरून थेट आले. कनुतने दारू घेतलेली, पण थोडीच.

लागलं. खरखर कमी होती. आधी कोणी बोललं, मग ऑर्गन. त्या आवाजाला आर्नेने डोळे मिटले. मग सगळी पोरं एकदम. मी चर्चचं गाणं कधी नीट ऐकलेलं नाही, काय म्हणत होते ठाऊक नाही. पण अंगावर काटा आला.

मग एकटा मुलगा. काय आवाज! माझं रडू थांबेना. अल्लाने माझ्या चुकीवर पांघरूण घातलं असं वाटलं, दिला एकदाचा बापाला त्याचा मुलगा. मी वाकून विचारलं, "पेर? पेर?"

आर्नेने डोळे उघडले.

"नाय."

मला वाटलं मीच पुन्हा चुकीचं ऐकलं. कनुतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. गाणं चालूच होतं. वॉर्ड खूश होता, श्रीवर्धनचा पोरगा हाताने ताल धरून, हे मान डोलावत. आर्नेने भिंतीकडे तोंड केलं.

व्हरांड्यात कनुतने सांगितलं. सुरुवातीलाच निवेदक दुसऱ्या मुलाचं नाव बोलला. पेर गाणार होता, त्याच्याऐवजी अमुक. कारण सांगतात का? सांगितलं नाही. पण कनुत म्हणाला, या वयात कारण एकच असतं, आठवड्यात फुटतो आवाज. "लास्ट संडे वॉज द लास्ट, सिस्टर."

वॉर्डात कोणाला सांगितलं नाही. दाभोळच्या म्हाताऱ्याने मुबारक दिली आर्नेला.

९ डिसें., सोम.
सूप, नाय. पाणी, नाय. कनुतने त्यांच्या भाषेत समजावलं, नाय. सलाइन लावलं ते डाव्या हाताने ओढून काढलं. हुसेनचाचांनी आज रत्नागिरीचं नाव काढलं नाही.

मी त्याला सांगितलं. मराठीतच सांगितलं. म्हटलं, आर्ने साहेब, त्या दिवशी तुम्ही हो म्हणत होता आणि मला वाटलं तुम्ही बोलावताय. माफ करा. त्याने बघितलं माझ्याकडे. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

११ डिसें., बुध.
सकाळी दुसरा झटका. अस्रच्या नमाजाआधी गेला. कनुत हात धरून होता. मी डोळे मिटले त्याचे.

दफन कुठे, यावर दिवसभर पळापळ. गोऱ्यांची जागा आहे लहानशी, तिथे. यांनी आणि हुसेनचाचांनीही खांदा दिला. कनुतने एकट्याने गाणं म्हटलं, मध्येच विसरला.

रेडिओ घरी आणला. हे लावत नाहीत.

१३ डिसें., शुक्र.
आर्नेच्या बायकोची तार आली. कनुत घेऊन आला, घरी, सुट्टी होती तरी. वाचून दाखवली. मेल्याची बातमी पोचली. देखभालीबद्दल आभार. आणि मग एवढंच, पेर विचारतो, अब्बांनी ऐकलं का?

'अब्बा' हा शब्द कनुतचा, आमच्या घरात शिकलेला.

कोणता रविवार, ते लिहिलेलं नाही. गरजच नाही. पेरसाठी एकच रविवार आहे. तो गायला तो.

कनुत म्हणतो, येस लिही. रेडिओ ऐकलाच ना त्याने, खोटं कुठे आहे. हेही म्हणाले, "लिही हो. पोराच्या जिवाला बरा वाटेल. अल्ला माफ करनारा आहे." मला कळतं ते. तेरा वर्षांच्या पोराला 'नाही' कसं पाठवायचं? आवाज गेला आणि बापही. पण 'हो' पाठवलं तर ते पोर जन्मभर त्या रविवारी बाप ऐकत होता असं धरून बसेल, आणि तो बाप त्या संध्याकाळी माझा एप्रन धरून रडत होता. त्याचं ते रडणंही मग कोणाचंच राहणार नाही, माझ्याशिवाय.

आणि उद्या सलीमने मला काही विचारलं तर मला काय हवं असेल, हो की खरं?

तार ऑफिस आज बंद. कनुत उद्या सकाळी उत्तर न्यायला येणार आहे. चहा झाला, हे नमाजला गेले. कागद पुढे आहे. पेरचं नाव तेवढं लिहिलं आहे, स्पेलिंग कनुतने सांगितलं तसं.