रशियन रणगाड्याची नळी खाली झुकत नाही

अण्णा, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला रणगाड्यांविषयी लिहिते आहे, याला तुमची नात जबाबदार आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती, तुमचे खडू मोडून ठेवायची. आता वीस वर्षांची आहे. पोलीस भरतीत धावण्यात मागे पडली आणि गेले चार महिने जव्हारच्या या घरात खिडकीशी बसून मोबाइलवर रणगाडे लढवते. खिडकीशी, कारण रेंज तेवढ्याच जागी येते. आमच्याशी बोलत नाही. बोलते ती कानात हेडफोन घालून, कुठल्या कुठल्या अनोळखी मुलांशी. परवा शेजारच्या मावशींनी मला फाटकात अडवलं. "मास्तरीणबाई, पोर कुनाशी बोलते ओ? एकटीच 'मागं सर, मागं सर' करते. भगताला दाखवा एकदा." मी म्हटलं, "मावशी, हे रशियाचं आहे. आपल्या भगताला नाही झेपायचं."

रागावून झालं होतं, समजावून झालं होतं, तिच्या बाबांना मध्ये घालून झालं होतं. म्हणून शेवटी शाळेतून आल्यावर मीच तिच्या शेजारी बसू लागले. तिने माझ्या फोनवर तो खेळ घालून दिला, लहान मुलाला औषध पाजताना करतात तसा चेहरा करून. खेळात सगळ्या देशांचे रणगाडे आहेत, पण हिला फक्त रशियन चालतात. भरतीच्या सामान्य ज्ञानाच्या वहीत मागच्या बाजूने तिने त्यांचे गुणदोष लिहून काढलेत. काय अक्षर आहे, अण्णा! पुढची पानं कोरी आणि मागे हे. समोरचा पत्रा तिरका, त्यामुळे आलेला गोळा घसरून जातो. बुटका, म्हणून लांबून दिसत नाही. तोफ अशी की एक गोळा नीट बसला तर समोरचा संपला. पण नेम स्थिरावायला वेळ लागतो आणि दुसरा गोळा भरायला त्याहून जास्त. गोळे कुशीतच रचलेले, बाजूने मार बसला की स्वतःच्याच दारूने उडतो. मागे घ्यायचा तर बैलगाडी बरी. आणि बुटका असल्यामुळे तोफेचा मागचा भाग आत छताला टेकतो, म्हणून नळी खाली झुकत नाही. या शेवटच्या वाक्याखाली तिने दोनदा रेघ मारली आहे, बहुतेक माझ्यासाठी.

कारण मी काय करते, तर लढाई सुरू झाली की रणगाडा थेट टेकडीवर नेते. दर वेळी. आपण डोंगरातली माणसं, आपल्याला दुसरं सुचतच नाही. तिचा रणगाडा खाली झाडीत असतो आणि ती सांगत असते, "आई, टेकडी सोड."

"अगं, उंचावर असेल त्याचा फायदा."

"कुणी सांगितलं?"

"आजोबांनी. आमची शाळेची सहल शिरपामाळच्या टेकडीवर नेली होती तेव्हा."

"आजोबांकडे रशियन टँक होता का?"

नव्हता. वर गेल्यावर मला आभाळ दिसतं. खालचा शत्रू दिसतो, पण नळी त्याच्यापर्यंत वाकत नाही. वाकवायला म्हणून आणखी पुढे सरकावं, तर पोट उघडं पडतं आणि पोटाचा पत्रा पातळ. मागे यायला वेळ लागतो. तोवर मी जळत असते. एका आठवड्यात सातदा जळले. आठव्यांदा ती हसली. भरतीनंतर पहिल्यांदा मी तिचं हसणं ऐकलं, आणि त्या हसण्याचा फायदा घेऊन विचारून टाकलं, "त्या दिवशी धावताना झालं काय?"

ती स्क्रीनवरून नजर काढत नाही. दुसरा गोळा भरला जातो आहे, बराच वेळ. "काही नाही. जमत होतं. शेवटच्या वळणावर मी पाय हळू केले."

"म्हणजे मुद्दाम?"

"मला जायचंच नव्हतं, आई."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"कधी? तू फॉर्म भरूनच आली होतीस. पेढे पण होते पिशवीत."

तिचा रणगाडा तेवढ्यात उडाला. तिने फोन चार्जिंगला लावला आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. मी तिथेच बसून राहिले, आणि मला राग आला तो तुमचा. माझी बारावी झाली आहे, साखरशेतच्या आपल्या घरी मी चुलीपुढे नाचणीची भाकरी थापते आहे आणि तुम्ही शाळेतून येऊन, टोपीसुद्धा न काढता, डी.एड.चा भरलेला अर्ज माझ्यापुढे धरता. "सही कर, उद्या जमा करायचाय." मला नाशिकला जाऊन इतिहास शिकायचा होता. ते तुम्हाला माहीत नव्हतं, कारण तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही, कारण तव्यावरची भाकरी करपत होती. पिठाच्या हाताने सही केली. तुम्ही कागद फुंकून पीठ उडवलंत आणि म्हणालात, "नीट धुवायचे होते हात." आयुष्य ठरलं त्या दिवशी मला मिळालेलं बोलणं ते एवढंच.

वैताग याचा आहे की तुम्ही चुकलात असंही मला म्हणता येत नाही. वर्गात उभी राहिले की मला बरं वाटतं. पोशेऱ्याच्या शाळेत पहिल्या वर्षी एक मुलगी माझं बोट धरून फाटकापर्यंत आली होती, त्या दिवसापासून बरं वाटतं. पण हे बरं वाटणं माझं की तुमचं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. तिला तसं व्हायला नको. मी गच्चीवर गेले, दोरीवरच्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि विचारलं, "मग तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "माहीत नाही. थोडे दिवस माहीत नसू दे ना." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, अण्णा.

हे पत्र तुमच्या फोटोमागेसुद्धा ठेवणार नाही. तिथे ती जळमटं काढायला हात घालते. तिच्या हाती लागायला नको, कारण त्यानंतर तिसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या संगणकावर मी तिचा नर्सिंगचा अर्ज भरला. मुदत परवापर्यंत आहे. शेवटचं बटण दाबलेलं नाही. पुसलेलाही नाही.