न केलेल्या काशीचं मावंदं

वालावल,
२ नोव्हेंबर १९६१

प्रिय हरी,

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझ्या बायकोने, नर्मदेने, आधी फोडलं तरी माझी हरकत नाही. तिला बसवून वाचून दाखवलंस तर आणखी बरं.

आई बरी आहे असं दर पत्रात लिहिते, तसं आज लिहीत नाही. ती जेवते, गाईगुरांचं करते, दारची अळवाची पानं काढून शेजारी देते. पण लक्ष्मीनारायणाच्या देवळात गेली की पायरीवरूनच मागे फिरते. भटजी तीर्थाची पळी पुढे करतात आणि आपली आई हात पदराखाली घेते. जिने उभ्या जन्मात तीर्थ घेतल्याशिवाय चहा घेतला नाही, ती. याचं कारण तूच आहेस.

तुला रेल्वेत चिकटून आठ वर्षं झाली. नोकरीचा कागद आला तेव्हा तू खळ्यात कोळशाने गाडी काढून आईला दाखवली होतीस. इथे इंजिन, इथे डबे, इथे आमची आई खिडकीशी. पहिला पास आईचा, कोल्हापूरला गाडीत बसवतो ती थेट काशीला उतरवतो, असं म्हणाला होतास. आईने विचारलं, मधे आंघोळीला थांबता काय रे ती? तू हसून हसून लोळलास. तेव्हापासून तिने ट्रंकेत एक कोरं लुगडं काशीसाठी म्हणून ठेवलं होतं. दर श्रावणात ते उन्हाला घालायची आणि घडी घालून परत ठेवायची. आणि दर वर्षी तुझं पत्र यायचं. यंदा रजा नाही. यंदा क्वार्टर बदलायचं. यंदा नर्मदेचं बाळंतपण. आई म्हणायची, असूंदे, गंगा काय सुकान जाणा नाय. गेल्या वर्षी रेल्वेची मोजणी करायला माणसं आली, कुडाळच्या बाजूला खुंट्या मारून गेली, तर ही बाई त्यांना ताक द्यायला धावली. तुमची गाडी काशीक जातली मां, म्हणून विचारत होती.

आता मे महिन्याचं ऐक. आम्ही खळ्यात कोकमासाठी रातांबे फोडत बसलो होतो, हात कोपरापर्यंत लाल. सुभद्राकाकू होती, वाडीतल्या आणखी तिघीचौघी होत्या. तेवढ्यात नेरूरचा सत्यवान आला, तुझ्याच ऑफिसातला, रजेवर आलेला. चांगला मुलगा. पाणी प्यायला, घाम पुसला आणि आईला म्हणाला, "काय काकी, मारलास मां गंगेत बुडी? पास माझ्याच टेबलावरसून गेलो. आनंदीबाई आणि कुमारी सुगंधा, दोघींची नावां माझ्या हातान लिवलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गो, तुझो चष्मो खंय गेलो? गाडीत चढताना लांबसून बघलंय तेव्हा होतो."

हरी, मी कधी चष्मा लावलेला नाही. नर्मदेची बहीण लावते. तुझ्या लग्नात मीच तिला तो शोधून दिला होता, आंतरपाटाच्या गडबडीत पडला तेव्हा.

मी तोंड उघडणार एवढ्यात आईने तिचा लाल हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. क्षणभरही थांबली नाही बघ. "मारलंय बाबा, मारलंय," म्हणाली. "मरणाची गर्दी होती." माझं लुगडं तिथे अजून डागलेलं आहे. रातांब्याचा डाग जात नाही, तुला ठाऊक आहेच.

सुभद्राकाकू चिडली. आरोंद्याक जातंय सांगान काशीक गेलंस, आमका पत्तो नाय तो! माघात मामा आजारी म्हणून आम्ही तीन आठवडे आरोंद्याला होतो, तेव्हा गावाला ते पटलंसुद्धा. दृष्ट लागता म्हणान बोलाक नाय, आई म्हणाली. एका थापेला दुसरीचा टेकू. सगळ्या गेल्यावर मी भांडायला उठले तर म्हणते कशी, "हरीची नोकरी जातली गो. लेकरां आसत त्याका." आमच्या नावांवर काशीला जायचा तुझ्या सासूने हट्ट धरला असेल, नर्मदेने डोळ्यांत पाणी आणलं असेल, हे मला कळतं. आपल्या आईला हट्ट येत नाही, हीच तिची चूक. आणि हो, पासावर लग्न न झालेली बहीण चालते म्हणे. चला, माझं लग्न झालं नाही याचा कुणाला तरी उपयोग झाला. बाबांनी तुझं नाव हरिश्चंद्र ठेवलं, तेसुद्धा बरं बघून ठेवलं!

पण काशी करून आलेल्या बाईला गाव तसंच सोडतं काय? मावंदं नको? आठ दिवसांत ज्याला त्याला तेच. आनंदीबाय, मावंदा कधी? गंगा पुजूक नको? आईने तांब्याचा गडू घासला, भर दुपारी विहिरीवर जाऊन भरला आणि मेण लावून तोंड बंद केलं. मी बघत होते. मेण दोनदा सांडलं. मग भटजी आले, गडवाची पूजा झाली, वडे झाले, काळ्या वाटाण्याचं सांबारं झालं, खीर झाली, वाडी जेवली. सगळ्यांनी आपल्या विहिरीचं पाणी डोळ्यांना लावून घेतलं. पोरीबाळी येऊन आईच्या पाया पडल्या, काशीचं पुण्य लागावं म्हणून. ती प्रत्येकीला सांगत होती, माझ्या नको गो, देवाच्या पड.

इथवर झालं असतं तर मी गप्प बसले असते. पण सुभद्राकाकूने त्यातलं पाणी बाटलीभर मागून नेलं. श्रावणात तिचे यजमान गेले. तुला खांद्यावर घेऊन दशावतार दाखवायला नेणारे भाईकाका. शेवटची घरघर लागली तेव्हा काकूने तेच पाणी चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं आणि आईचा हात धरून म्हणाली, तुझ्यामुळे ह्यांका गंगा गावली गो आनंदी. आईने तो हात सोडवून घेतला नाही. घरी आली आणि न्हाणीघराच्या दगडावर बसून राहिली. त्या दिवसापासून ती तीर्थ घेत नाही. म्हणते, मिया माणसाच्या मरणात खोटा घातलंय, माका आता काशी झाली काय आणि नाय झाली काय. कोरं लुगडं तिने सुभद्राकाकूला देऊन टाकलं.

आता हे आज का लिहिते ते सांगते. आठ दिवसांपूर्वी तुझ्या रेल्वेचं रजिस्टर पत्र आलं, आईच्या नावाने. इंग्रजीत होतं, म्हणून शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. परतीच्या गाडीत तपासनिसाला संशय आला म्हणे, दोघींनी गावाचं नाव वेगवेगळं सांगितलं. तेव्हा आनंदीबाई आणि कुमारी सुगंधा यांनी त्या तारखांना आपणच प्रवास केला असं तीस दिवसांच्या आत सहीनिशी कळवावं. आईने लगेच अंगठा उठवला. शाई पुसत म्हणाली, एक खोटा पचला, ह्याय पचात. सही राहिली आहे ती माझी. तुझी नोकरी आत्ता माझ्या टाकाच्या टोकावर आहे, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटत नाही. सही करीन मी. तुझी पोरं उपाशी मरावीत एवढी मी वाईट नाही. पण इथे बसून करणार नाही. तू ये. आईला घेऊन चल, ती नको म्हणेल, पाया पड, रड, काय वाटेल ते कर, पण तिला गंगेत उभी कर. तिची बुडी झाली की तिथेच घाटावर सही करून कागद तुझ्या हातात देते. तीस दिवसांतले बावीस उरलेत आणि पत्र पोचायला चार जातील. तू आला नाहीस तर त्या कागदावर खरं काय ते लिहून मी स्वतः टपालात टाकीन. आणि येताना पास आणू नकोस, हरी. तिकिटं काढ. तिकिटावर कुणाचं नाव नसतं.

तुझीच, वालावलची
सुगंधाताई