सांगणारा कोणाच्या घरचा

कोक-बेल, ३ मार्च १९६४

चि. बुरुल हिस,
मावशीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझी गोष्ट पेपरात आली. कौतुक तुझ्या आईने केलंच असेल, मी उरलेलं सांगते.

रविवारी एशिम मास्तर पेपर फडकावत आला. तुमच्या बुरुलने तुमच्याच घरावर लिहिलंय, म्हणाला. आमच्या मोठ्यांना आनंद झाला. मोठे म्हणजे माझे सासरे. त्यांचं नाव मी घेत नाही हे तुला माहीत होतं, तरी तू करायचं ते केलंस. तुझी गोष्ट अशी सुरू होते की मी झुराकान, आणि माझे सासरे, आणि लगेच त्यांचं नाव. मास्तरने ते ठणठणीत वाचलं. मोठ्यांनी माझ्याकडे पाहिलं, चहाची वाटी पालथी घातली आणि उठून गोठ्यात गेले. पुढची गोष्ट मास्तरने मला आणि मांजराला वाचून दाखवली.

सून म्हणून आले तेव्हापासून ते नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. नाव सोड, त्या नावात घोड्याचा नाल जिचा करतात ती वस्तू येते, तिलासुद्धा मी काळं कडक म्हणते. दुकानात खिळे मागताना लोक हसतात, हसू देत. आणि तू एका ओळीत माझं तोंड विटाळून ठेवलंस.

मी शेजारणीकरवी निरोप दिला की हे मी बोलले नाही, बुरुलने लिहिलंय. त्यांनी उलट विचारलं की पेपरात मी झुराकान असं लिहिलंय की मी बुरुल असं. आता ते माझ्या हातचा चहा घेत नाहीत. शेजारच्या सुनेला हाक मारतात, आणि ती मुलगी चहा करते की भांडी विसळते ते कळत नाही. फ्रुंझे शहरातल्या धाकट्या मुलाला त्यांनी कळवलंय की मेंढ्या व्याल्या की येऊन मला घेऊन जा.

तुझा काका लढाईवरून आला नाही तेव्हापासून या घरात आम्ही दोघंच आहोत. जायचं तर जाऊ देत. चहाची पत्ती वाचेल. पण ज्याने उसवलं त्याने शिवून द्यावं, एवढंच म्हणते.

तुझं भलं चिंतणारी, पण आत्ता नाही,
झुराकान

—

नारीन, ११ मार्च

ती. झुराकान मावशीस,
बुरुलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. हे खोटं आहे, खानावळीतलं जेवणच तसं आहे. पण वाईट वाटलं हे खरं.

आमच्या बाई शिकवतात की गोष्ट लिहिणारा वेगळा आणि सांगणारा वेगळा. गोष्टीत मी म्हटलं म्हणजे ती मी बुरुल नव्हे, आणि तूही नव्हेस. ती गोष्टीतली झुराकान. चूक माझी एवढीच की त्या झुराकानला तुझी जीभ दिली आणि जिभेची सवय द्यायला विसरले. तुझ्या तोंडून तेमिरकुल आजोबांचं ते लोखंडाचं नाव निघालं तिथेच ती तू राहिली नाहीस. बाईंना हे कळलं नाही. त्या शहरातल्या आहेत.

दुसरी एक पद्धत आहे. सांगणारा गोष्टीच्या बाहेर उभा राहतो, कोणाचा कोणी नसतो, आणि त्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं. तो कोणाचंही नाव घेऊ शकतो. तशी पुन्हा लिहून सोबत पाठवते आहे. मास्तरांकडून वाचून घे.

आणि आजोबांना शेवटपर्यंत बसव गं. ते पहिल्या ओळीलाच उठून गेल्यावर कसं कळणार? लढाईनंतरच्या हिवाळ्यात ते खिंडीतून येताना वादळात सापडले, तू दारात उभी राहून बादली बडवत राहिलीस, आणि त्या आवाजावर ते घरी पोचले. ते अजून सगळ्यांना सांगतात की तांबड्या घोड्याने वाट काढली. गोष्टीत स्थळ लागतं, माणसं लागतात, संघर्ष लागतो आणि मग कळस. आपल्या गोष्टीचा कळस ती बादली आहे. ती ऐकल्यावर ते फ्रुंझेचं नाव काढणार नाहीत.

लोभ आहेच, राग उतरला की तोही पाठव,
बुरुल

—

कोक-बेल, २० मार्च

चि. बुरुल हिस, अ. आ.

संघर्ष काय असतो ते मला शिकवू नकोस. तो आमच्याकडे रोज चहाच्या वेळेला येतो.

मास्तरने तुझी दुसरी गोष्ट अंगणात वाचली. मी आत, दाराआड. मोठ्यांनी पहिली ओळ होऊ दिली आणि विचारलं, हे कोण सांगतंय. मास्तर म्हणाला, कोणी नाही, नुसता सांगणारा. मोठे म्हणाले, नुसता कसा, बाप असेल, आजा असेल, कुठल्या घरचा ते असेल. मास्तर म्हणाला, याला बाप नसतो. बरं, मग त्या दिवशी उभा कुठे होता? कुठेच नव्हता. हे झाल्यावर मास्तर पुढे वाचत गेला, आणि तिथे तू लिहिलंयस की खिंडीत ते घाबरले. मोठ्यांनी काठी उचलली. ज्याला बाप नाही आणि जो तिथे नव्हता, त्याला माझ्या पोटातलं कोणी सांगितलं, असं विचारून ते पुन्हा गोठ्यात गेले. बादली पुन्हा राहिली. गाय मात्र खूष आहे, तिला आजकाल सोबत असते.

आता माझं ऐक. तिसऱ्यांदा लिहिणार असशील तर ती बादली काढून टाक. मी तुला ते नमदा लाटताना सांगितलं होतं. पाय लोकर तुडवतात तेव्हा तोंडाला काम नसतं म्हणून बोलले, पेपरासाठी नाही. तांबड्या मेला तेव्हा मोठ्यांनी त्याचं डोकं टेकडीवरच्या दगडावर नेऊन ठेवलं, मानाच्या घोड्याचं ठेवतात तसं. दर वसंतात चढून जातात, वाऱ्याने पडलं असेल तर सरळ करतात. त्या बादलीचं बूड झिजलं तेव्हा मी ती कोंबड्यांना पाणी प्यायला दिली. ज्याचं त्याचं जिथे असायचं तिथे आहे. म्हाताऱ्या माणसाचा घोडा काढून घेऊन मी काय त्यावर बसू?

धाकट्याचं उत्तर आलंय. पुढच्या महिन्यात ट्रक घेऊन येतो म्हणतो. त्यांचा कोट मी उसवून आतून नवी लोकर घातली. फ्रुंझेत थंडी कमी असते म्हणतात, पण लोक काहीही म्हणतात.

नाव गाळ, बादली गाळ, आणि जे उरेल ते पाठव.
झुराकान

—

नारीन, २९ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

नाव गाळलं. बादली गाळता येत नाही. ती गाळली तर उरतो बर्फ, आणि बर्फाची गोष्ट होत नाही.

पण आजोबांनी विचारलेलं मला बाईंच्या सगळ्या तासांपेक्षा जास्त लागलं. सांगणारा कोण, कोणाचा, आणि कुठे उभा होता. त्या दिवशी खिंडीत दोघंच होते. म्हणून या वेळी तांबड्याला सांगायला लावलंय. तो तिथे होता. त्याचा बाप आजोबांना माहीत आहे, आजाही माहीत आहे, कुठल्या कळपातला तेही. कोणाच्या मनातलं त्याला कळत नाही, त्याला कळतं ते पाठीवरचं वजन, लगामाचा ओढा आणि कानावर पडेल ते. माणसांची नावं त्याला ठाऊक नाहीत, त्यामुळे तीही नाहीत.

मास्तरांना देऊ नकोस. तू स्वतः वाच. तुझ्या जिभेवर अडेल असा एकही शब्द ठेवलेला नाही, काळ्या कडकाचासुद्धा. मी दोनदा तुझ्या चालीवर वाचून पाहिलं. माझ्या खोलीतल्या मुलीला वाटलं मी कोणावर तरी ओरडते आहे.

या खेपेला आशीर्वाद उधार मागते,
बुरुल

—

कोक-बेल, १९ एप्रिल

चि. बुरुल हिस,
मावशीचे अ. उ. आ., उधारीचे धरून.

धाकटा ट्रक घेऊन आला. मोठ्यांचं बोचकं दाराशी होतं. मी म्हटलं, ट्रकला पाणी पाजेपर्यंत एक वाचते, ऐकायचं तर ऐका. शेजारणीच्या सुनेकडे तोंड करून म्हटलं. मला अक्षरं लागतात ती बायांच्या वर्गात शिकले तेवढीच, म्हणून बोट ठेवून वाचलं. मी तांबड्या, असं सुरू केलं तेव्हा धाकटा हसला. मोठ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर गेला.

ते उठले नाहीत. घोडा म्हणतो की पाठीवरचा आज जड झालाय आणि लगाम थरथरतोय, तिथेही उठले नाहीत. हळूच म्हणाले, बरोबर, हात गारठले होते. भिण्याचं कोणी काढलं नाही.

मग ते आलं. घोड्याला दिसेना, वास येईना, आणि दुरून बादली वाजली. त्याची जवाची बादली. संध्याकाळी जव घालायच्या आधी बाई जशी ठोकते तशी. मग तो वाऱ्यात तोंड घालून तिकडे चालत सुटला.

इथे मी थांबले. बुरुल, जव तू कुठून काढलेस? ते मी तुला सांगितलं असेल, पण मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते की मी मोठ्यांना बोलावत होते. ते समजत होते की तांबड्याला वाट माहीत होती. आणि तो आपला जेवायला येत होता.

मोठ्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, पण विचारलं मलाच, की ती बादली कुठे आहे. मी म्हटलं कोंबड्यांकडे. ते गेले, पाणी ओतलं, बादली काखेत घेतली आणि टेकडी चढायला लागले. चिखल गुडघ्याएवढा. धाकटा मागे धावला, त्याला काठीने परत पाठवलं. मी खाली उभी राहून पाहिलं. त्यांनी तांबड्याचं डोकं थोडं सरकवलं आणि बादली शेजारी ठेवली. ती कलली. मग दगड लावून सरळ केली.

खाली आले, मानाच्या जागेवर बसले आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. मी रीतीप्रमाणे अर्धीच भरली, काठोकाठ भरलेली जाणाऱ्याला देतात. एक घोट घेऊन म्हणाले, चहात मीठ कमी आहे. गेल्या तीस वर्षांत ते कधी पुरेसं नव्हतं.

धाकटा आज सकाळी एकटाच गेला. कोट इथेच खुंटीला आहे. तो फ्रुंझेला नेण्याइतका हलका राहिलेला नाही, लोकर जरा जास्तच भरली गेली.

सगळं ठीक आहे. फक्त कोंबड्या सकाळपासून मोकळ्या जागेभोवती फिरताहेत आणि माझ्याकडे बघताहेत. पुढची गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिलीस तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे.

आहे तोवर तुझीच, चहा तयार ठेवून,
झुराकान