कॅमेरा सेल खातो

२१ सप्टेंबर, रविवार
निकिताचा साखरपुडा ठरला. १२ ऑक्टोबर, गंगापूर रोडवरचं लॉन्स. मुलगा योगेश, येवल्याचा. स्वभावाने गरीब वाटला. फोटोचं काम मी अंगावर घेतलं. सगळ्यांसमोर जाहीर केलं की माझ्या मुलीचे फोटो मोबाईलवर नाही, ड्रोनवर नाही, फिल्मवर निघतील आणि ते मी स्वतः काढीन. येवल्याची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. भारावली असावीत. संध्याकाळी मयूर फोटोग्राफरला फोन करून सौ.ने दुपारीच केलेलं बुकिंग कॅन्सल केलं. सौ.ला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

२२ सप्टेंबर, सकाळी ७
घटस्थापना. शुभ दिवस म्हणून कॅमेरा कपाटातून काढला. १९९५ साली पहिल्या बोनसमधून सेकंडहँड घेतलेला, पण मशीन एक नंबर. सेलशिवाय फोटो निघत नाही, एवढंच. नवे दोन बटन सेल टाकले. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई टुणकन वर.

२३ सप्टेंबर, सकाळी ६
सुई खाली. सेल खलास. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. मी अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीत आहे, मला कळतं.

२५ सप्टेंबर
दुसऱ्या दुकानातून दुसरी जोडी. आता शास्त्रशुद्ध पद्धत. अर्धी रजा टाकली. तक्ता आखला: वेळ, सुई, शेरा. दर पंधरा मिनिटांनी बटन दाबून सुई बघायची. सौ. म्हणाली, तापाने फणफणलेल्या पोराकडेही कुणी इतकं बघत नाही. संध्याकाळपर्यंत सेल संपले. तक्ता मात्र सुंदर झाला.

२६ सप्टेंबर
कारण सापडलं. सौ. कपाटात डांबरगोळ्या ठेवते. त्या वासाने सेल मरतात. गोळ्या फेकल्या. माझ्या पैठण्यांना कसर लागली तर, असं तिनं विचारलं. मोठ्या कामात लहानसहान नुकसान होतंच, हे तिला समजावलं. तिसरी जोडी टाकली.

२७ सप्टेंबर
तिसरी जोडीही गेली. त्यातच येवल्याहून योगेशच्या आत्यांचा फोन. फिल्मवाल्या फोटोंचं अख्ख्या भावकीत सांगितलंय म्हणाल्या, सगळे नटून येणार. मी म्हणालो, अवश्य. फोन ठेवल्यावर दोन ग्लास पाणी प्यायलो.

२८ सप्टेंबर, रविवार
मेकॅनिककडे जायचं नाही असा निश्चय होता. म्हणून घड्याळवाल्याकडे गेलो. दूधबाजारातले जमीलभाई. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि शटरच्या बटनाखालून काहीतरी ओढून कागदावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल. मागच्या खंडेनवमीची अक्षता. म्हणाले, रंगनाथभाऊ, या दाण्याने बटन अर्धं दाबून धरलंय, आतलं मीटर चोवीस तास चालू, सेल बिचारे काय करतील. जाताना म्हणाले, यंदा पूजा जरूर करा, लेकिन दूरसे.
मला पहिल्यापासून बटनाचाच संशय होता. तक्त्यात लिहायचं राहून गेलं.

३० सप्टेंबर
दोन दिवस झाले, सुई ताठ. तक्ता बंद. मयूरला नको म्हटल्याचं आज सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली. पटलं असावं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
संध्याकाळी आईने पाटावर विळी, कात्री, अडकित्ता, माझा मापं घ्यायचा व्हर्नियर मांडला आणि विचारलं, कॅमेरा कुठंय? मी म्हणालो, यंदा नको. आई म्हणाली, इतकी वर्सं पुजतो आपण, आन् पोरीच्या कार्यालाच टाळायचं व्हय? खबरदारी म्हणून कॅमेरा रुमालात गुंडाळून ठेवला. आईने रुमाल काढला. देवाला वस्तू दिसाया नको का, म्हणाली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वरून मूठभर अक्षता. मी पाच दाणे म्हणत होतो.
आता उद्या दसऱ्याच्या पूजेपर्यंत काही हलवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. कॅमेरा पाटावर, मी समोर सोफ्यावर. इथून तरी बटन मोकळं दिसतंय.

२ ऑक्टोबर, दसरा
सुई खाली. सगळ्यांना आपट्याची पानं वाटली. हसतमुख राहिलो.

४ ऑक्टोबर
स्वतःच शिवणाच्या सुईने दाणा काढायला घेतला. दिसत होता. आता दिसत नाही. सौ.च्या केस वाळवायच्या मशीनने हवा मारली. आत कुठेतरी खुळखुळतो आणि बटन तसंच अर्धं बसलेलं. प्रगती आहे.

५ ऑक्टोबर
जमीलभाईंचं दुकान बंद. शेजारी म्हणाला, पुतणीच्या लग्नाला मालेगावला गेले, चौदा तारखेला येतील. लोक ऐन वेळी लग्नं काढतात. मोबाईलवाल्याला कॅमेरा दाखवला. त्याने फिरवून फिरवून पाहिला आणि चार्जिंगचा पॉइंट कुठंय असं विचारलं.

७ ऑक्टोबर
सहज म्हणून मयूरला फोन केला. त्या दिवशी तो सिन्नरला आहे. फार आदराने बोलला. काका, तुम्ही आहात ना, मग काय टेन्शन, म्हणाला. एवढा आदर नको होता.

८ ऑक्टोबर
उपाय सापडला. इतका सोपा की हसू आलं. सेल खिशात ठेवायचे, फोटोच्या आधी टाकायचे, फोटो झाला की काढायचे. खालचं झाकण नाण्याने फिरवायचं. सराव केला. एकवीस सेकंद.

९ ऑक्टोबर
सतरा सेकंद.
निकिताने सराव पाहिला. शेजारी बसली. म्हणाली, पप्पा, अडचण असेल तर आत्ताच सांगा, मी कुणाला तरी मोबाईलवर काढायला सांगते, मला फक्त अंगठी घालतानाचा एक नीट फोटो हवाय. मी म्हणालो, तू निर्धास्त राहा. ती निर्धास्त झाली. मी नाही. कबूल करायला तोंड उघडलं होतं, पण ती पाणी आणायला उठली आणि वेळ गेली. उद्या नक्की सांगेन.

१० ऑक्टोबर
मेंदी. सांगायचं वातावरण नव्हतं. चौदा सेकंद.

११ ऑक्टोबर
आता सांगून उपयोग नाही. अकरा सेकंद. उद्या जग बघेल.

१३ ऑक्टोबर
काल लिहिलं नाही. घडलं ते असं.
लॉन्सवर दोनशे लोक. पहिले सहा फोटो फर्स्ट क्लास. सेल टाक, काढ, टाक, काढ. योगेशच्या आत्या कौतुकाने बघत होत्या. मग गुरुजींनी अंगठीचं नाव काढलं. स्टेजवर पुढे सरसावलो, झाकण उघडलं, एक सेल आत बसवला. दुसरा घामाने बोटातून सटकला आणि स्टेजच्या गालिच्याखाली गेला. मी वाकलो. हात घातला. डोक्यावर टाळ्या वाजल्या. पाकळ्या पडल्या. सेल सापडला.
उभा राहिलो तेव्हा निकिताच्या बोटात अंगठी होती.
मी म्हणालो, फोटोसाठी परत एकदा घाला. आत्या म्हणाल्या, आमच्याकडं एकदा घातलेली अंगठी काढत नाय, अपशकुन हाय. निकिता म्हणाली, राहू द्या पप्पा. अगदी हळू म्हणाली. मी तिच्या जन्मापासून या क्षणाची वाट पाहत होतो, आणि तो आला तेव्हा मी गालिच्याखाली होतो. फार वाईट वाटतंय. सेलचा दर्जा पूर्वीसारखा राहिला नाही, हेही आहेच.

१४ ऑक्टोबर
जमीलभाई आले असतील. गेलो नाही.

१५ ऑक्टोबर, सकाळी ८
योगेशच्या चुलतभावाने मोबाईलवर काढलेला फोटो ग्रुपवर आला. नेमका तोच क्षण. योगेशने अंगठी धरलेली, गुरुजी, दोन्ही आया, सगळे तिच्या बोटाकडे बघताहेत. डाव्या कोपऱ्यात खाली माझी पाठ, वर आलेला शर्ट आणि पट्टा.

सकाळी १०
निकिताने तो फोटो डीपीला ठेवला. डावा कोपरा कापून. बरोबर केलं, मीही तेच केलं असतं. आता मी त्यात कुठे नाही. फक्त सगळे अंगठीकडे बघताहेत आणि निकिता एकटी डावीकडे, खाली बघतेय.