सगळंच मीठ

६ एप्रिल
आजही ब्रेड खरेदीच्याच भावात ठेवला. तरी एक बाई म्हणालीच – महाग आहे. बाई कसली, स्क्रीनवरचं चित्र. पण मनाला लागतं. दोन रुपये कमी केले. मग गेमने भाडं आणि विजेचं बिल कापलं. गल्ला उणे. काही वाटलं नाही.

हा गेम कुशल इंदूरला परत जाताना घरच्या कॉम्प्युटरवर टाकून गेला. "ताई, पहले इसमें दुकान चला के दिखा. नाहीच जमलं तर भूपेंद्र भियाला हो म्हणू." भूपेंद्र भियाला बाबांचं किराणा दुकान भाड्याने हवंय, मोबाइल विकायला. बाबा गेल्यापासून शटर बंदच आहे.

८ एप्रिल
तोटा.

११ एप्रिल
कुशलचा फोन. माझे भाव ऐकून हसत सुटला. "धर्मशाला खोल रखी है क्या? शंभरला आणलंस तर एकशे दहाला वीक ना."

पण वरचे दहा कशाचे? मी काय केलं त्यात? म्हणाला, "झाडू लगाया, लाइट जलाई, दिवसभर उभी राहिलीस." खरं आहे. तरी एकशे दहा टाइप केलं की हात थांबतो. पुसून टाकते.

बाबा फक्त मिठावर नफा घेत नसत. "मिठावाचून कुणाचं अडू नये," म्हणायचे. बाकी सगळ्यावर घ्यायचे, रास्त. मला मात्र सगळंच मीठ वाटतं.

१४ एप्रिल
भूपेंद्र भिया येऊन गेला. "काकीजी, घर बैठे किराया आएगा." आई उठून आत गेली. ती हल्ली हो-नाहीच्या पलीकडे बोलत नाही. दुपारभर कॉम्प्युटरसमोर बाबांच्या खुर्चीत बसून असते.

मग मला म्हणाला, "तेरे बस का है क्या, बहन?" मी लगेच म्हटलं, नाही जमणार. आखातीजला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, चावी देईन, असंही बोलून गेले.

शाळेत सगळं हिंदी. मराठी वाचायला मी दुकानातल्या डब्यांवरून शिकले – जिरे, मोहरी, साबूदाणा. बाबा बोट ठेवायचे, मी वाचायचे. आता ते डबे कुठे ठेवायचे?

१९ एप्रिल
गेम उघडला तर गल्ला भरलेला! तेल, साखर, ब्रेड, सगळ्यांचे भाव थोडे वाढलेले. कुणीतरी महाग म्हणून निघून गेलं, बाकीचे घेत होते. कुशलला विचारलं. "मैंने हाथ भी नहीं लगाया."

मग हा नफा माझा नाही. सगळे भाव होते तसे करून ठेवले.

२० एप्रिल
पुन्हा वाढलेले. तेलावर थोडं, बिस्किटांवर जास्त. आज एकेक फळी नीट पाहिली. मीठ तेवढं खरेदीच्या भावात.

जेवताना भात वाढता वाढता आईच म्हणाली, "तेल इतकं स्वस्त ठेवू नये. लोकांना भेसळ वाटते."

२१ एप्रिल
सकाळी उठले तर खुंटीवर दुकानाची चावी नव्हती. दारात आईच्या चपलाही नव्हत्या.