खंडेनवमीला सुट्टीवर गेलेला रंधा

डार्मश्टाट,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप शशिकांतदादास,

सत्यजितचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. आई इथे मजेत आहे (पंख्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही, एवढीच तक्रार). पत्रास कारण अन्वी.

आमच्या कन्येने बेरूफ्सशूलेत, म्हणजे इथल्या धंदेशिक्षणाच्या शाळेत, सुतारकामाला नाव घातलं हे तुला ठाऊक आहेच. माझ्या डोक्यात म्युनिकजवळचं गार्चिंगचं तंत्रविद्यापीठ होतं, तिच्या डोक्यात भुसा आहे (खरोखरचा, ती केस झटकते आणि आई मागून केरसुणी घेऊन फिरते). पुढे काय, म्हणून शाळेतल्या समुपदेशक बाईंना भेटलो. खिडक्या-दारं, स्वयंपाकघरं, नाटकाचे सेट, जुन्या फर्निचरची दुरुस्ती, माइस्टर, म्हणजे सनदी उस्ताद, झाली तर पदवीच्या तोडीचा मान, असं करत बाई शवपेट्यांवर आल्या. इकडे बरेच सुतार अंत्यविधीचा व्यवसायही सांभाळतात म्हणे, आणि त्यात मंदी येत नाही. (हे आईला सांगितलेलं नाही.) तेव्हाच ठरवलं, की प्रोबेत्साइट, म्हणजे पारखण्याचे पहिले महिने, संपायच्या आत तू फोन करून तिला समजवायचंस. तुझं ती ऐकते.

तर खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्र म्हणून इतकी वर्षं माझा लॅपटॉपच पूजेला बसायचा. यंदा आईने अन्वीचा रंधा, पटाश्या आणि करवतही पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही असं बजावलं. नेमकी त्याच सकाळी अन्वीची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि ती स्वतःच्या हत्यारांनीच द्यायची होती. मला वाटलं, आता आजी-नातीचं जुंपणार. अन्वी जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, रोज राबतात तर एक दिवस त्यांनाही सुट्टी हवी, आणि परत अंथरुणात शिरली.

दादा, आयती संधी होती. मी गप्प बसलो असतो तर प्रोबेत्साइट तिथेच आटोपली असती. पण फोन मीच लावला, आणि ती जिथे काम शिकते तिथल्या माइस्टरांना, हेर (म्हणजे श्रीयुत) क्नाप यांना, शस्त्रपूजा समजावत बसलो. शेवटी तर गयावया केली. मुलीच्या हातात कला आहे हो, असं मी म्हणत होतो आणि माझं मलाच नवल वाटत होतं. ते म्हणाले, बघायला येतो. संध्याकाळी आले, बूट काढून पाटासमोर उभे राहिले, आणि कानामागची पेन्सिल काढून पटाशीशेजारी ठेवली. आईने तिलाही कुंकू लावलं. परीक्षा त्यांनी पुढे ढकलली. दसऱ्यासाठी केलेलं श्रीखंड पावाला लावून खाल्लं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सत्यजित

ता. क. अन्वीला फोन करू नकोस. परीक्षा आज झाली. उत्तम झाली.

आणखी एक ता. क. लॅपटॉप यंदाही पाटावर होता, रंध्याच्या शेजारी. दसऱ्याला उचलला तो सरळ कंपनीत परत देऊन आलो. आमचा विभागच बंद केला. झाकणावरच्या हळदीच्या डागाबद्दल कुणी काही विचारलं नाही. अन्वीला ठाऊक आहे, आईला नाही. फोन मात्र जरूर कर. मला कर.